हित आणि होकार

ज्याचे हित करावयाचे त्याला विचारल्यावाचून ते केले, तर ते हितच राहते की त्याचे आणखी काही होते? महाविद्यालयात नीतिशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत या अर्थाचा एक प्रश्न मला आला होता, आणि त्याचे उत्तर मी चार पाने भरून लिहिले होते. गुणही बरे मिळाले होते. पुढे २०२१ च्या मार्च महिन्यात दिल्लीतील एका लसीकरण केंद्राच्या खोलीत तोच प्रश्न पुन्हा समोर आला, तेव्हा मात्र मी सपशेल नापास झालो.

हकीकत घरगुती आहे. त्या वर्षी १ मार्चपासून साठ वर्षांवरील माणसांना करोनाची लस खुली झाली. आमच्या घरी माझी आजी होती. वय त्र्याऐंशी, अंगात मधुमेह, आणि हिवाळ्यात उचल खाणारा दमा. लस आधी कोणाला मिळावी याची यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जणू तीच असावी. मी विषय काढला, ती म्हणाली, "मला नको." मी दुसऱ्या दिवशी पुन्हा काढला, ती पुन्हा तेच म्हणाली. का नको, हे विचारण्याचे मला सुचले नाही. म्हातारपणीचा हट्ट, असा शेरा मी मनातल्या मनात मारला, आणि आम्हा कारकुनांच्या सवयीप्रमाणे शेरा मारल्यावर प्रकरण निकालात निघाले. तिसऱ्या दिवशी मी तिला सांगितले की, साखर तपासायला जायचे आहे.

बदलीच्या गावी राहणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अशी म्हातारी माणसे असतात. गावचे घर बंद करून ती आपल्यामागे येतात आणि परभाषेच्या मुलखात आपल्या तोंडाने बोलतात, आपल्या कानांनी ऐकतात. दुर्बल कोणाला म्हणावे, याचा विचार करताना आपण वय मोजतो, व्याधी मोजतो. पण ज्याचे बोलणे दुसऱ्याच्या स्वाधीन आहे त्याच्याइतका दुर्बल कोणी नसेल. माझ्या आजीला हिंदी येत नव्हते. कागदपत्रे माझ्या हातात होती. आम्ही खोलीत गेलो, आजीने बाही वर केली.

परिचारिका केरळची होती, मध्यम वयाची. तिने सुई हातात घेतली नाही. मोडक्या हिंदीत तिने आजीलाच विचारले, "अम्मा, कौन सा टीका है, मालूम?" आजीने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "बरं वाटतंय का, विचारतायत." परिचारिकेचे समाधान झाले नाही. तिने रोगाचे नाव घेतले. आणि तो शब्द काही भाषांतरासाठी थांबत नाही. आजीने बाही खाली ओढली. पुढे कोणी काही बोलले नाही. परिचारिकेने माझा कागद मला परत दिला आणि सांगितले, त्यांना घरी न्या, बोला, मग या.

मला राग आला, हे कबूल करतो. बाहेर रांग होती, रोगी वाढत असल्याच्या बातम्या रोज येत होत्या, आणि ही बाई एका खोट्या शब्दासाठी त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाला संरक्षणावाचून परत पाठवीत होती. तिचे नियम तिला लखलाभ, असे मी पुटपुटलो.

मागाहून कळले की, ती पूर्वी लहान मुलांच्या लसीकरणाचे काम करीत असे. त्या कामात आरोग्यसेविकेला प्रत्येक वेळी आईला चार गोष्टी सांगावयास शिकवितात: कोणती लस दिली व ती कोणत्या रोगावर, तिच्यामुळे कोणता किरकोळ त्रास होईल व झाल्यास काय करावे, पुढच्या खेपेस केव्हा यावे, आणि कार्ड जपून ठेवून येताना बरोबर आणावे. चारही वाक्ये इतकी साधी आहेत की, त्यांसाठी शिक्षण कशाला, असे वाटावे. पण पहिलेच वाक्य पाहा. ते ज्याला टोचावयाचे त्याच्यापुढे प्रामाणिकपणे उच्चारले, की फसवणूक तेथेच अशक्य होते. माझे खोटे त्या एका वाक्यावर आपटले. एक उणीव मात्र दिसते. चारही वाक्ये सांगण्याची आहेत, विचारण्याचे एकही नाही. त्या बाईने पहिले वाक्य उलटे करून त्याचा प्रश्न केला, हे तिचे स्वतःचे.

सांगणे आणि विचारणे यांतील हे अंतर केवढे आहे, ते पोलिओच्या मोहिमेत दिसून आले. २००२ साली देशात पोलिओचे १,६०० रुग्ण आढळले, त्यांपैकी १,२४२ एकट्या उत्तर प्रदेशात. घरोघर थेंब पाजणारी पथके फिरत. ज्या घरातील सर्व मुलांना थेंब मिळाले त्याच्या भिंतीवर खडूने 'पी' काढीत, आणि जेथे एखादे मूल राहिले तेथे 'एक्स', म्हणजे आपली फुली. नकार देणाऱ्या घरांची नोंद वेगळी. पश्चिम उत्तर प्रदेशातील कित्येक मुसलमान वस्त्यांत बोलवा होती की, या थेंबांनी मुले पुढे निर्बीज होतात. शहाणी माणसे याला अडाणीपणा म्हणून मोकळी झाली. पण त्याच मुलखात १९७६ साली नसबंदीची सक्ती झाली होती. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. शाळामास्तरांना आणि आमच्यासारख्या नोकरदारांना माणसे आणण्याचे आकडे नेमून दिले गेले होते. ज्या सरकारने आजोबांना धरून नेले, तेच सरकार नातवाच्या तोंडात फुकट थेंब घालावयास पुन्हा पुन्हा दारी येते, तेव्हा शंका येणे हे अज्ञानाचे लक्षण म्हणावे की स्मरणशक्तीचे?

त्या फुल्या पुसल्या गेल्या त्या बहुतांशी त्याच वस्त्यांतील बायांनी. त्यांना निवडून, शिकवून, त्या घरांत पुनःपुन्हा पाठविण्यात आले. नकाराच्या मागे काय आहे ते ऐकून घ्यावयास त्यांना शिकविले होते, आणि पुष्कळदा तेथे थेंबांचा संबंधच नसे. पोर हगवणीने मरते तेव्हा कोणी येत नाही, गटार वर्षभर तुंबलेले आहे, मग याच एका रोगाची एवढी कळकळ कशाची? या प्रश्नाला पत्रकात छापलेले उत्तर नव्हते. केवळ बोलण्याने पोलिओ गेला, असे मी म्हणणार नाही. २०१० साली आलेल्या, दोन प्रकारच्या विषाणूंवर चालणाऱ्या लसीचाही त्यात मोठा वाटा आहे. पण लस कितीही चांगली असली तरी ती बंद दारातून आत जात नाही. २००९ साली ७४१ रुग्ण, २०१० साली ४२, आणि २०११ साली एकच, जानेवारीत हावड्याकडचा. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले.

येथे कोणी म्हणेल, आणि त्याचे म्हणणे खोटे नाही, की सक्तीनेही रोग जातो. देवीचा रोग या देशातून १९७५ साली गेला, आणि अखेरच्या त्या धामधुमीत काही ठिकाणी दारे फोडून, माणसे धरून टोचण्याचे प्रकार घडले. रोग गेला हे खरेच. पण सक्तीचा खर्च त्या वर्षाच्या हिशेबात दिसत नाही. तो कोणा दुसऱ्याच्या खात्यावर, पुढच्या सालात पडतो. १९७६ चे देणे २००२ साली दारोदार फिरणाऱ्या एखाद्या बाईने, तोंडावर दार आपटून घेऊन, फेडले. १८९७ च्या पुण्यातील प्लेगची आठवण मराठी माणसाला काढून द्यावयास नको. रँडच्या सोजिरांनी घरे तपासली तीही रोग हटविण्यासाठीच. त्याच वर्षी १० जानेवारीला मुंबईत हाफकिनने आपली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. दोघांचाही शत्रू एकच होता, तरी लोकांच्या मनात त्या दोन गोष्टी एका जागी राहिल्या नाहीत.

आता माझ्या रागाकडे परत येतो. केंद्रातून परतल्यावर आजी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने दंड पुढे केला आणि त्यावरचे देवीचे जुने वण दाखविले. वाईजवळच्या तिच्या गावी देवी टोचणारा आला, की आया मुलांना कणगीच्या आड लपवीत. तिला ओढून काढून दोघांनी धरले होते. हात महिनाभर चिघळला. "तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं," ती म्हणाली. मग जरा थांबून, माझ्यापेक्षा अधिक प्रामाणिकपणे, "देवी मात्र कधी आल्या नाहीत हं."

त्यानंतर मी समजूत घातली नाही. तिने विचारले तेवढे सांगितले. एकोणीस दिवस गेले. त्या एकोणीस दिवसांत दिल्लीत रोग किती वाढला, ते आपणांपैकी जे येथे होते त्यांना ठाऊक आहे. त्या दिवसांत तिला काही झाले असते, तर त्या परिचारिकेला मी क्षमा केली असती काय? मला वाटत नाही. आणि तरीही तिने केले ते योग्यच ठरले असते काय? मला वाटते, होय. या दोन उत्तरांचा मेळ मला अजून घालता आलेला नाही. आजी वाचली हा योग होता, आणि योगाच्या आधारावर न्याय करू नये, इतके मला कळते. मूल नकार देत नाही, त्याच्या वतीने बाप देतो, आणि संसर्ग कोणा एकाच्या नकारापाशी थांबत नाही, हेही कळते. एखाद्या वेळी सक्ती करावीच लागेल. पण 'हिताचे आहे' एवढ्या शब्दावर मी त्या दिवशी खोटे बोललो ते सक्ती टाळता येत नव्हती म्हणून नव्हे. बोलत बसण्याचा मला कंटाळा होता म्हणून.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आजी आपणहून म्हणाली, "चल, त्याच बाईकडं." तीच परिचारिका होती. तिने आपली वाक्ये एकेक करून सांगितली, आणि या वेळी मी ती जशीच्या तशी मराठीत आणली. सगळे ऐकून झाल्यावर आजीने माझ्यामार्फत विचारले, "तू घेतलीस का गं?" परिचारिका हसली. दोन्ही घेतल्या, म्हणाली. दुसऱ्या दिवशी ताप भरला होता, अंग फार दुखले. मी ताप तेवढा गाळावा की काय, असा विचार क्षणभर मनात आला. मग तोही सांगितला. आजीने बाही वर केली.