विद्या आणि भूतदया



सियागंजातील आपल्या मंडळींत वैद्यक शिकणारी मुले-मुली आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. इंदुरास ही विद्या नवी नव्हे. १८७८ साली येथे वैद्यकशाळा निघाली आणि १९४८ साली महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. परंतु जीवदान देणाऱ्या या विद्येचे पहिले धडे देशभर बेडकाच्या मरणाने गिरविले जात. सुईने त्याची मज्जा भेदावी, पायाचा स्नायू काढावा आणि विजेने तो कसा आखडतो ते पाहावे, असा परिपाठ होता.

प्राण्यांचे ऋण आम्ही नाकारीत नाही. मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस आधी सशांवर व मग १८९७ साली स्वतःच्या देहावर पारखली. तिने पुढे असंख्य माणसे वाचली. पण नवे औषध शोधणे निराळे आणि शंभरदा सिद्ध झालेले पुन्हा दाखविण्यासाठी दरवर्षी जीव घेणे निराळे. पहिल्यात निकड असू शकेल. दुसऱ्यात बहुधा सवयच असते.

सुश्रुतसंहितेत शिष्याने छेदनाचा सराव कोहळा, दुध्या, काकडी यांवर करावा, भेदनाचा पाणी-चिखलाने भरलेल्या कातडी पिशव्यांवर, शिरावेधाचा मेलेल्या जनावराच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर, असे सांगितले आहे. पट्टी बांधण्यास वस्त्राचा पुतळा. हेतू हात बसविण्याचाच असेल. तरी जिवंत प्राण्यावाचून हात बसतो, हे त्यातून दिसते.

श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत प्राण्यांची बाजू लावून धरली आणि १९६० साली प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायदा झाला. पुस्तके, प्रतिकृती, चित्रपट यांनी भागत असेल तेथे वैद्यकशाळांत प्राणिप्रयोग टाळावे, हे तत्त्व त्यात आले. तरी सवय सुटावयास अर्धशतक लागले. २०१४ साली तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने शरीरक्रियाशास्त्र व औषधशास्त्र यांच्या पदवी-शिक्षणात जिवंत प्राण्याच्या जागी संगणकाचे साधन आणले.

नाथमहाराजांनी रामेश्वरासाठी आणलेले गंगाजल तहानेल्या गाढवाच्या मुखी घातले. त्यांची पूजा मोडली नाही. ती तेथेच पोहोचली. म्हणून मुक्या जिवापुढे घरच्या विद्यार्थ्याचा हात थरथरला, तर त्यास भित्रा म्हणू नये. शस्त्र धरावयास तो हात पुढे स्थिर होईल. मात्र आतील दया आटली, तर ती कोणत्या शाळेत शिकवावी? विद्येबरोबर ती दयाही वाढो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.