देवाचा हात?
22 जून 1986 रोजी मेक्सिको सिटीत, विश्वचषकाच्या उपान्त्यपूर्व सामन्यात, दिएगो मॅराडोनाने इंग्लंडवर पहिला गोल हाताने केला. ट्युनिशियाच्या पंचांना ते दिसले नाही. चारच मिनिटांनी, अर्ध्या मैदानातून एकट्याने चेंडू नेऊन त्याने केलेला दुसरा गोल मात्र अलौकिक होता. पहिल्याचा डाग त्याला लागत नाही, असे मला वाटते; पण सामना 2-1 असा, एकाच गोलने जिंकला गेला, हे कसे विसरावे? मोहाच्या क्षणी आपलाही हात उचलला जातो. मला खुपते ते नंतरचे. थोडे मॅराडोनाचे डोके, थोडा देवाचा हात, असे तो म्हणाला. पापनिवेदनाला गुडघे टेकून आपण ‘मी’ म्हणतो. तेथे त्याने देवाचे नाव घातले. 2000 साली आत्मचरित्रात हात आपलाच होता, हे त्याने लिहिले. पश्चात्तापाने मात्र नव्हे.