चुलीतील विस्तव कोणाचा?

रमजानचा पवित्र महिना जवळ आला की आपल्या मोहल्ल्यांतून शिधावाटपाची लगबग सुरू होते. तांदूळ, डाळ, पीठ, तेल, साखर, खजूर अशा वस्तूंच्या पिशव्या भरल्या जातात आणि गरजू कुटुंबांपर्यंत पोहोचवल्या जातात. हे कार्य निःसंशय पुण्याचे आहे. परंतु प्रिय वाचकहो, त्या पिशवीत एक गोष्ट सहसा नसते, आणि ती नाही हे आपल्या लक्षातही येत नाही. ते धान्य ज्यावर शिजायचे तो विस्तव त्या घरात आहे काय? सिलिंडर रिकामे पडून आहे, नव्याने भरून आणायला पैसे नाहीत आणि विजेचे बिल थकल्यामुळे मीटर काढून नेले आहे, अशा घरात कच्चा तांदूळ पोहोचवून आपण भूक भागवली असे म्हणता येईल काय?

ज्या कुटुंबाला स्वयंपाक, दिवा, पंखा किंवा थंडीतील ऊब यांसाठी लागणारे इंधन आपल्या मिळकतीतून परवडत नाही, त्याच्या अवस्थेला अभ्यासक ‘इंधन-दारिद्र्य’ म्हणतात. हा शब्द नवा असला तरी ही अवस्था नवी नाही. हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले आहे की, आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या घरांत दोन-दोन महिने चूल पेटत नसे आणि खजूर व पाण्यावर दिवस निघत. शेजारच्या अन्सारांकडून कधी दूध येई. ज्यांच्या घरची चूल विझलेली राहिली त्या प्रेषितांच्या (स.) उम्मतीला विझलेल्या चुलीचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नसावी.

विस्तव ही देणगी की मालमत्ता?

पवित्र कुरआन माणसाला विस्तवाकडे पाहून विचार करायला लावतो. सूरह वाकिअहमध्ये अल्लाहतआला विचारतो की, तुम्ही जो विस्तव पेटवता त्याचे झाड तुम्ही निर्माण केले की आम्ही? आणि पुढे त्याला एक स्मरण व गरजवंतांसाठी उपयोगाची वस्तू ठरवतो. तेथे आलेल्या शब्दाचा अर्थ काही भाष्यकारांनी ‘वाटसरू’ असा केला आहे, तर काहींनी ‘भुकेला, गरजू’ असा. दोन्ही अर्थांनी बोध एकच होतो. विस्तव ही मुळात माणसाची निर्मिती नसून त्याच्या स्वाधीन केलेली अमानत आहे, आणि तिच्या हेतूत गरजवंताचा वाटा आधीपासून धरलेला आहे.

अबू दाऊद व इब्ने माजा यांच्या हदीस-संग्रहांत याहून स्पष्ट शिकवण आढळते. पाणी, चारा आणि विस्तव या तीन गोष्टींत लोकांची भागीदारी आहे, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. वाळवंटातील जीवन डोळ्यांसमोर आणले म्हणजे या तिन्हींची निवड उमजते. यांपैकी एकही नाकारले तर माणूस किंवा त्याचे जनावर जगू शकत नाही.

येथे एक प्रामाणिक शंका उपस्थित होते आणि ती टाळून पुढे जाणे योग्य नाही. फिकहच्या जाणकारांनी या हदीसचा अर्थ सांगताना मर्यादा घालून दिल्या आहेत. पेटलेल्या विस्तवावरून दुसऱ्याला आपली काडी पेटवू देणे, त्याच्या उजेडात बसू देणे, त्याची ऊब घेऊ देणे हे नाकारता येत नाही. परंतु एखाद्याने रानातून कष्टाने तोडून आणलेली मोळी ही त्याची मालमत्ता आहे. मग आजचा विस्तव कोणत्या बाजूचा? तो तर 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये बंद आहे, तारेतून येतो आहे आणि त्याच्या प्रत्येक एककाला दाम आहे. काडी पेटवू दिल्याने देणाऱ्याचे काही कमी होत नव्हते. सिलिंडर दिल्याने होते. म्हणजे ही भागीदारी आता संपुष्टात आली काय?

माझ्या अल्पमतीप्रमाणे संपुष्टात आलेली नाही. तिचे स्वरूप मात्र बदलले आहे. दुकानदाराने विकत घेतलेले सिलिंडर त्याचेच आहे आणि ते हिरावून घेण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु जमिनीच्या पोटातील वायू, कोळसा, वाहते पाणी आणि सूर्याची उष्णता ही कोणा एकाची कमाई नव्हे. ज्या समाजात ही साधने मूठभरांच्या घरी चोवीस तास वाहतात आणि शेजारच्या घरात त्यांच्यावाचून अन्न कच्चे राहते, तेथे तो हक्क एकेका व्यक्तीवर नव्हे तर संपूर्ण समाजावर येऊन पडतो. यालाच आपण फर्जे किफाया म्हणतो. काहींनी तो पार पाडला तर सर्वांची सुटका होते आणि कोणीच पार पाडला नाही तर सर्वच जबाबदार ठरतात. सूरह माऊनचे नावच रोजच्या वापराच्या किरकोळ वस्तूंवरून पडले आहे. हजरत इब्ने मसऊद (रजि.) यांनी त्यांचा खुलासा कुऱ्हाड, हंडी आणि बादली असा केला होता. नमाजचा देखावा करणाऱ्यांचा उल्लेख जेथे येतो तेथेच अशा क्षुल्लक वस्तू नाकारण्याचाही उल्लेख यावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

गरिबाला महाग पडणारी गरिबी

आपल्या देशात याबाबत काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. 1 मे 2016 रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथून उज्ज्वला योजना सुरू झाली. तिची आठ कोटींवी जोडणी सप्टेंबर 2019 मध्ये आपल्याच औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात देण्यात आली. आज या जोडण्या दहा कोटींहून अधिक आहेत. लाखो माताभगिनींचे डोळे धुरापासून वाचले. तथापि, जोडणी मिळणे आणि चूल पेटती राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सरकारच्या आकडेवारीनुसार 2019-20 साली या लाभार्थी कुटुंबांनी वर्षभरात सरासरी जेमतेम तीन सिलिंडर भरून घेतले. पुढे अनुदान 200 रुपयांवरून 300 रुपये झाले, तरी 2023-24 साली ही सरासरी चारच्या आतच राहिली. महाराष्ट्र शासनाने 2024 साली अन्नपूर्णा योजनेतून पात्र कुटुंबांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याचे ठरवले, ते याच अडचणीवर उपाय म्हणून. मधल्या महिन्यांत मात्र लाकूड, गोवऱ्या, लाकडाचा भुसा आणि त्यांचा धूर पुन्हा घरात येतो.

याहून कठीण गोष्ट अशी की, गरीब माणूस पुष्कळदा त्याच उष्णतेसाठी आणि त्याच उजेडासाठी अधिक दाम मोजतो. ज्याच्याजवळ कागदपत्रे नाहीत तो सुटा गॅस चढ्या भावाने घेतो. ज्याच्याजवळ एकदम पैसे नाहीत तो स्वस्तातला जुना पंखा घेतो. असा पंखा साधारण 75 वॅट वीज ओढतो, तर कमी विजेवर चालणारा नवा पंखा 30 वॅटच्या आसपास. दिवसाला पंधरा तास पंखा चालला तर महिन्याला सुमारे 20 युनिटांचा फरक पडतो. नवा पंखा घेतल्याने पैसे वाचतात हे त्या घरातील स्त्रीला कळत नाही असे नव्हे. वाचवण्यासाठी आधी जे हजार-पंधराशे रुपये अधिक घालावे लागतात, तेच तिच्या पदरी नसतात.

ब्रिटनमधील अभ्यासिका ब्रेंडा बोर्डमन यांनी 1991 साली आपल्या ग्रंथात हेच प्रतिपादन केले होते. इंधन-दारिद्र्य हे केवळ उत्पन्नाचे दारिद्र्य नसून घर आणि साधने यांचे दारिद्र्य आहे. घर गळके, भिंती थंड आणि शेगडी जुनी असेल तर हातात दिलेला पैसा छपरातून निघून जातो. तेथे प्रश्न थंडीचा आहे, आपल्याकडे तो बहुधा उन्हाचा आणि धुराचा आहे. भिवंडी, मालेगाव, मुंब्रा किंवा गोवंडीच्या वस्त्यांतील पत्र्याखालच्या खोल्यांची एप्रिल-मे महिन्यांतील अवस्था आपल्या वाचकांना सांगावी लागणार नाही.

बिल भरावे की कुऱ्हाड द्यावी?

आता नैतिक प्रश्नाच्या गाभ्याकडे येऊ. अशा कुटुंबाचे या महिन्याचे बिल भरणे श्रेष्ठ की पुढचे बिलच कमी येईल अशी व्यवस्था करणे श्रेष्ठ?

हदीसमध्ये एक प्रसंग आहे. एक अन्सारी गृहस्थ प्रेषितांकडे (स.) मदत मागण्यास आले. घरात काय आहे, असे विचारल्यावर त्यांनी एक जाड कापड आणि पाणी पिण्याचा एक प्याला एवढेच सांगितले. प्रेषितांनी (स.) त्या दोन वस्तूंचा लिलाव केला आणि दोन दिरहम आले. एकाचे अन्न घरी द्यायला सांगितले आणि दुसऱ्याची कुऱ्हाड आणवली. तिला दांडा स्वतःच्या हाताने बसवून दिला आणि त्यांना लाकडे तोडून विकण्यास पाठवले. पंधरा दिवसांनी ते परतले तेव्हा त्यांच्याजवळ दहा दिरहम होते. या प्रसंगात आजची भूक आणि उद्याची सोय यांपैकी एकाची निवड केलेली नाही. एक दिरहम अन्नाला दिला, एक साधनाला दिला. जो उपाशी आहे त्याला कुऱ्हाडीवरचे प्रवचन ऐकवले नाही, आणि अन्न देऊन त्याला पुन्हा दारात येण्यासाठी मोकळेही सोडले नाही.

आपल्या शिधावाटपात पहिला दिरहम असतो, दुसरा क्वचितच असतो. हा दुसरा दिरहम आज कोणत्या रूपात द्यावा? एक एलईडी दिवा 9 वॅटमध्ये जवळपास तेवढाच उजेड देतो, जेवढा जुना पिवळा दिवा 60 वॅटमध्ये देत असे. एक चांगला प्रेशर कुकर, नीट जळणारी शेगडी, कमी विजेचा पंखा, पत्र्यावर उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंग ही सारी त्या कुऱ्हाडीची आजची रूपे आहेत. अहमदाबाद महानगरपालिकेने 2013 साली उष्णतेविरुद्ध कृती आराखडा तयार केला आणि 2017 पासून गरीब वस्त्यांतील हजारो छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले. ब्रशाने लावायच्या रंगासाठी मोठ्या संस्थेची गरज नसते. मोहल्ल्यातील दहा तरुण आणि दोन रविवार पुरेसे होतात.

यासाठी जकातीचा पैसा वापरता येईल काय, असे अनेकजण विचारतील. हनफी मतानुसार जकात पात्र व्यक्तीच्या मालकीची करून द्यावी लागते. पंखा, कुकर, शेगडी यांची मालकी देता येते, म्हणून तेथे फारशी अडचण दिसत नाही. भाड्याच्या खोलीच्या छपराची दुरुस्ती ही मात्र घरमालकाच्या मालमत्तेत भर घालते. त्यासाठी ऐच्छिक सदका वापरणे सुरक्षित होय. कोकणातील आपले पुष्कळ बांधव शाफई आहेत. त्या परंपरेतील इमाम नववी (रह.) यांनी कारागिराला त्याच्या धंद्याची अवजारे घेता येतील इतके द्यावे, म्हणजे तो गरजेतून बाहेर पडेल, असे म्हटले आहे. शिवणयंत्रावर पोट असलेल्या भगिनीसाठी तिचा दिवा हेही अवजारच नव्हे काय? अंतिम निर्णय आपल्या विश्वासातील आलिमांना विचारूनच घ्यावा.

मीटर हाही तराजूच

एक गोष्ट दानापेक्षाही अगोदर येते. अनेक वस्त्यांत एका मीटरवर तीन-चार भाडेकरू असतात. महावितरणच्या घरगुती दरांत पहिल्या 100 युनिटांचा दर कमी आणि 101 ते 300 युनिटांचा बराच चढा असतो. तीन कुटुंबांनी स्वतंत्र मीटरवर प्रत्येकी 90 युनिट वापरले तर तिघेही खालच्या दरात राहतात. तेच 270 युनिट एका मीटरवर आले की त्यांतील 170 युनिटांना वरचा दर लागतो. त्यावर घरमालकाने आपल्या मर्जीचा ठोक दर लावला तर गरिबाने श्रीमंताहून महाग वीज घेतली असे होते. सूरह मुतफ्फिफीनमध्ये मापात मारणाऱ्यांना जो कडक इशारा दिला आहे तो केवळ धान्याच्या तराजूपुरता समजू नका. मीटर हाही तराजू आहे. ज्या घरमालकाने रमजानमध्ये पन्नास पिशव्या वाटल्या आणि वर्षभर भाडेकरूंकडून विजेचे जादा पैसे घेतले, त्याने एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने घेतले. भाडेकरूला स्वतंत्र मीटरसाठी संमतीपत्र देणे हे दान नव्हे. ते हुकूकुल इबादपैकी, म्हणजे माणसांच्या हक्कांपैकी आहे.

काटकसरीचा उपदेश कोणाला?

वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण सर्वांसाठी आहे. परंतु काटकसरीचे भाषण नेहमी गरिबाच्या दारात होते हे योग्य नव्हे. झाकण ठेवून शिजवणे, डाळ भिजत घालणे, आच मंद करणे हे त्या घरातील स्त्री आपल्यापेक्षा चांगले जाणते, कारण तिला त्यावाचून गत्यंतरच नाही. इस्राफची चौकशी आधी आपल्या घरातील रिकाम्या खोलीत चालणाऱ्या पंख्यापासून, लग्नाच्या रोषणाईपासून आणि मशिदीतील नमाजनंतरही चालू राहणाऱ्या वातानुकूलन यंत्रापासून सुरू व्हावी. मशिदीचे दिवे-पंखे बदलून जे बिल वाचेल ते मोहल्ल्यातील विझलेल्या चुलींसाठी ठेवले तर ती बचतही इबादत ठरेल.

‘हे लोक आकडा टाकून वीज चोरतात, मग त्यांना मदत कशाला?’ असे म्हणणारेही भेटतात. चोरी ही चोरीच आहे आणि गरिबीने ती हलाल होत नाही, शिवाय आकड्याने जीव जातात. पण हजरत उमर (रजि.) यांनी दुष्काळाच्या वर्षी चोरीची शिक्षा स्थगित ठेवली होती, हेही आपण विसरू नये. समाजाने आपले कर्तव्य केले की नाही, हा प्रश्न त्यांनी अपराध्याच्या हाताच्या आधी विचारला.

त्याच हजरत उमर (रजि.) यांना एका रात्री मदीनेबाहेर एक माता दिसली. चुलीवर हंडी होती, भुकेलेली मुले रडत होती आणि हंडीत पाण्याशिवाय काहीच शिजत नव्हते. खलीफा बैतुलमालाकडे गेले आणि पिठाचे पोते स्वतःच्या पाठीवर घेऊन आले. सेवकाने ओझे मागितले तेव्हा कयामतच्या दिवशी माझे ओझे तू उचलशील काय, या आशयाचा प्रश्न त्यांनी त्याला केला. परंतु पीठ टाकून ते निघून गेले नाहीत. वाकून त्यांनी चूल फुंकली आणि त्यांच्या दाढीतून धूर निघत राहिला. अन्न शिजले, मुले जेवली, हसू लागली, तेव्हाच ते उठले.

वाचक बंधू-भगिनींनो, यंदा शिध्याची पिशवी देताना दारातूनच परत फिरू नका. संकोच न वाटेल अशा शब्दांत, छायाचित्र न काढता, एवढे जरूर विचारा की चूल कशावर पेटते, दिवा किती वॅटचा आहे, मीटर कोणाच्या नावाचे आहे. अल्लाहतआला आपणा सर्वांना आपल्या शेजाऱ्याच्या चुलीची काळजी वाहण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.