चुकीवरून पटणारी ओळख

ह्यूलेट-पॅकार्डचा एचपी-35 हा खिशात मावणारा वैज्ञानिक कॅल्क्युलेटर 1972 मध्ये 395 डॉलरला बाजारात आला. सुरुवातीच्या यंत्रांत एक खोड होती. 2.02 चा नैसर्गिक लॉगरिदम काढून लगेच उलट क्रिया केली की 2.02 परत यायला हवेत. येत नुसते 2. पुढे कंपनीने रॉम, म्हणजे यंत्राच्या सूचना कायम कोरलेली स्मृती, दुरुस्त केली. आज या यंत्राची सिम्युलेटर दोन तऱ्हांनी करता येतात. पहिल्या तऱ्हेत पडद्यावर चित्र हुबेहूब, पण आकडेमोड आजच्या संगणकाची. तिथे उत्तर बिनचूक येते. दुसऱ्या तऱ्हेत मूळ रॉममधल्या 768 सूचना एकेक करून चालवतात, आणि रॉम जुनी असेल तर तिथेही 2 च येतात. हे दुसरे सिम्युलेटर एचपी-35 ची नक्कल म्हणायचे, की एचपी-35 च? माझ्या मते, हिशेबापुरते ते एचपी-35 च आहे. नुसते उत्तर जुळणे हा काही पुरावा नव्हे, बरोबर उत्तर कुणाचेही जुळते. चूक जुळते, आणि तीही त्याच कारणाने, तेव्हा आतली वाट एकच असते.

यावर ठरलेला आक्षेप जॉन सर्ल या अमेरिकन तत्त्वज्ञाचा. संगणकावर घडवलेल्या आगीने वस्ती जळत नाही, पावसाने कोणी भिजत नाही, असे त्यांनी 1980 मध्ये लिहिले. आगीबद्दल ते खरेच आहे. पण बेरजेचे सोंग वठवायचे तर बेरीजच करावी लागते. 1974 चा सिंक्लेअर सायंटिफिक पाहा. साध्या कॅल्क्युलेटरसाठी केलेल्या चिपमध्ये अवघ्या 320 सूचनांत नायजेल सर्ल यांनी (योगायोगाने आडनाव तेच) लॉगरिदम आणि त्रिकोणमिती बसवली. साइन काढायचा तर 0.001 रेडियनचे वळण पुन्हा पुन्हा घ्यायचे. म्हणून उत्तराला कित्येक सेकंद लागत आणि शेवटचे अंक भरवशाचे नसत. केन शिरिफ यांनी चिपच्या छायाचित्रांवरून त्या सूचना वाचून सिम्युलेटर केले. तिथे ती वळणे खरोखर मोजली जातात आणि अंकही तसेच घसरतात. आकड्यांना अर्थ पाहणारा देतो, यंत्राला काही कळत नाही, असे कोणी म्हणेल. मान्य, पण मूळ यंत्राला तरी कुठे कळत होते?

मग हा जुन्या आत्म्याचा नव्या देहात प्रवेश समजायचा का? आपल्याकडे ही कल्पना पटकन सुचते, पण इथे ती चालत नाही. आत्मा जुना देह सोडून नव्यात जातो. इथे मूळ यंत्र कपाटात चालू असताना तीच रॉम त्याच क्षणी हजार फोनांवर चालू शकते. हजार देहांत एक जीव कसा राहणार? त्यापेक्षा नैयायिकांचा, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांचा, सामान्याचा विचार जवळचा वाटतो: गोत्व एकच, पण प्रत्येक गाईत पूर्णपणे असते, वाटून कमी होत नाही. एखादा नैयायिक लगेच अडवेल, की सामान्य नित्य असते आणि ही रॉम तर माणसांनी लिहिली, पुढे बदललीही. हरकत रास्त आहे. तर मग स्वयंपाक करणाऱ्यांत पाचकत्व असते तशी ही उपाधी, म्हणजे खरे सामान्य नसूनही पुष्कळांत आढळणारा धर्म, म्हणा. पुष्कळांत एक असणे तरीही उरतेच, आणि मला तेवढेच हवे आहे.

राहिला देहाचा प्रश्न. लाल एलईडी अंक, बोटाखाली बटण दबल्याचा ठोस स्पर्श, उत्तराची वाट पाहायला लावणारा संथपणा यांतला संथपणा सिम्युलेटरला मुद्दाम आणता येतो, बाकीचे नाही. ते हरवते आणि त्याची हळहळही खरी आहे. म्हणून तर वर ‘हिशेबापुरते’ म्हटले. पण संग्राहकांमध्ये नेमके उलटे दिसते: पेटी, पिशवी, माहितीपुस्तिका जिवापाड जपायची आणि रॉममधला मजकूर मात्र चिपसोबत मरू द्यायचा. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या गळतात, सर्किट खातात. रॉमची प्रत अजून कोणी घेतलेली नाही अशी यंत्रे ज्यांच्या संग्रहात आहेत, त्यांनी ती प्रत आधी उतरवून घ्यावी. पेटीची झिलई नंतर करता येईल.