लाज कुणाची राखायची?

औषधाच्या दुकानातली गर्दी ओसरल्यावरच पुरुष हळूच ताठरतेसाठीची सिल्डेनाफिलची गोळी मागतो. ही लाज सद्गुण मानावी का?

ताठरतेची तक्रार दडवण्यात धोकाही आहे. लिंगाच्या धमन्या जेमतेम 1-2 मिलिमीटरच्या, हृदयाच्या 3-4. चरबीचा थर अरुंद वाहिनीला आधी नडतो. म्हणून ताठरतेची तक्रार हृदयविकाराच्या 2 ते 5 वर्षे आधीच दिसू शकते.

चार पुरुषार्थांत काम धर्माच्या पंगतीला बसतो. मग त्याच्या दुखण्यानेच तोंड का लपवावे? लैंगिक विषयांवर मोकळेपणाने बोलता यावे म्हणूनच समाजसुधारक र. धों. कर्वे यांनी 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले. 1934 च्या अश्लीलतेच्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली.

मर्यादा पाळणे वेगळे, आजार दडवणे वेगळे. गोळीआधी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासावे. छातीदुखीवर नायट्रेट घेणाऱ्याने ती गोळी घेऊच नये.