टिटलिसच्या वाटेवरचे फूल



आज सामान्य काळातील बारावा रविवार. आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू चिमण्यांविषयी बोलतो. दर तीन वर्षांनी हा उतारा आपल्या वाट्याला येतो. तो ऐकला की मला 2017 सालचा जून महिना आठवतो, आणि खरे सांगायचे तर थोडी लाजही वाटते.

त्या उन्हाळ्यात मी स्वित्झर्लंडमधील एंगेलबर्ग या डोंगरातल्या गावी एक महिना सेवेसाठी गेलो होतो. 1120 साली स्थापन झालेला बेनेडिक्टाईन मठ तिथे आजही आहे. आपल्यापैकी जे युरोपच्या सहलीला जाऊन आले असतील, त्यांनी गावाजवळचा 3,238 मीटर उंचीचा टिटलिस पाहिलेला असणार. रोपवेने वर जायचे, एकमेकांवर बर्फाचे गोळे फेकायचे, फोटो काढायचे आणि खाली यायचे. वाटेत ट्रुबझे नावाचे तळे लागते. आपली मंडळी तिथे क्वचितच उतरतात.

शनिवार, 24 जून. दुसऱ्या दिवशीचे प्रवचन मी मोडक्यातोडक्या जर्मन भाषेत लिहून ठेवले होते. फुले, पाखरे, डोंगर आणि दयाळू परमेश्वर असा सगळा सुंदर मजकूर होता. गावातले एक निवृत्त शाळामास्तर मला म्हणाले, "फुलांवर बोलणार असाल तर आधी चला, फुले दाखवतो." तळ्याजवळच्या उतारावर पाणी झिरपत होते. मास्तर त्या चिखलात गुडघ्यांवर बसले. मीही बसलो.

समोर टिचभर उंचीच्या देठांवर एकेक फूल डोलत होते. काही पांढरी, घशाशी पिवळा ठिपका असलेली, काही जांभळी. खाली जमिनीला चिकटून फिकट पिवळसर-हिरव्या पानांचे चक्र, जणू कुणी तारामासा पसरून ठेवला आहे. पाने लोणी चोपडल्यासारखी तुळतुळीत, म्हणून इंग्रजीत हिला बटरवर्ट म्हणतात. मास्तरांनी भिंग हातात दिले. पानावर हजारो बारीक ग्रंथी होत्या आणि प्रत्येकीच्या टोकाला चिकट थेंब. त्यात पाच-सहा चिलटे अडकली होती. चार मेलेली. एक अजून पाय हलवत होते.

मास्तरांनी शाळेत शिकवावे तसे समजावले. हा झरा चुनखडीतून येतो, त्या मातीत नायट्रोजन अगदी कमी. मुळांना जे मिळत नाही ते हे झाड पानाने मिळवते. चिलट सुटायला धडपडते तसा चिकटा वाढतो. मग दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथी पाचक रस सोडतात, आपल्या पोटात असतो तसा. काही दिवसांनी पानावर फक्त कातडे आणि पंख उरतात. फूल मात्र उंच देठावर असते, कारण परागीभवनासाठी झाडाला कीटक जिवंत हवे असतात. हिवाळ्यात पाने कुजून जातात आणि कळीएवढा एक कोंब बर्फाखाली वाट पाहत राहतो.

(आपल्याकडेही असे आहे. साताऱ्याजवळ कास पठारावर पावसाळ्यात फुलणारी "सीतेची आसवे" हीसुद्धा कीटकभक्षक वनस्पती. तिचे सापळे ओल्या मातीत दडलेले असतात, म्हणून आपल्या फोटोत फक्त फुले येतात.)

मी गवताची काडी घेऊन ते चिलट सोडवू लागलो. मास्तर काही बोलले नाहीत. चिलट सुटले, पण एक पंख पानावरच राहिला.

बंधुभगिनींनो, त्या क्षणी मला एप्रिल महिना आठवला. तेव्हा मी ज्या धर्मग्रामात होतो तिथे एका चार वर्षांच्या मुलाला आम्ही मातीत ठेवले होते. दफनभूमीत मी त्याच्या आईला म्हणालो होतो, "देवाला आपल्या बागेसाठी एक सुंदर फूल हवे होते, म्हणून त्याने ते खुडले." हे वाक्य मी पूर्वीही अनेकदा वापरले होते. लोक मान हलवतात. त्या आईने मान हलवली नाही. ती फक्त माझ्याकडे पाहत राहिली.

चार्ल्स डार्विन यांनी 1875 साली कीटकभक्षक वनस्पतींवर जे पुस्तक लिहिले, त्यात या झाडावर एक पूर्ण प्रकरण आहे. त्याआधी 1860 साली त्यांनी आसा ग्रे या ख्रिस्ती वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला पत्रातून कळवले होते की, जिवंत सुरवंटाला आतून खाणारी गांधीलमाशी दयाळू देवाने मुद्दाम निर्माण केली, हे त्यांच्या मनाला पटत नाही. डार्विन यांना आपण नास्तिक म्हणून चटकन बाजूला सारतो. पण हा प्रश्न आपल्या घरातही विचारला जातो, फक्त फादर निघून गेल्यावर.

त्या रात्री मी योबचे पुस्तक उघडले. योबची दहाही मुले गेली होती. मित्र आले आणि सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले. नंतर ते बोलू लागले आणि तिथेच चुकले. शेवटी परमेश्वर बोलतो, पण मुले का गेली हे सांगत नाही. तो सिंहिणीची शिकार दाखवतो, उपाशी कावळ्यांची पिल्ले दाखवतो, रक्त पिणारी गरुडाची पिल्ले दाखवतो. काहीही झाकून ठेवत नाही. आणि राग येतो तो त्या मित्रांचा, ज्यांच्याकडे सगळ्याचे उत्तर तयार होते.

मग आजचे शुभवर्तमान पुन्हा वाचले. चिमणी पडणारच नाही, असे प्रभू म्हणत नाही. ती पडते. पडते तेव्हा पिता तिथे असतो, एवढेच तो सांगतो. आणि हे सांगणारा स्वतःही पुढे खांद्यावर क्रूस घेऊन गेला. मी लिहिलेले प्रवचन बाजूला ठेवले. सकाळी जेमतेम चार मिनिटे बोललो.

ऑगस्टमध्ये परत आल्यावर त्या घरी गेलो. म्हणालो, "बाई, त्या दिवशी मी जे बोललो ते बोलायला नको होते. ते मला ठाऊक नव्हते." ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "फादर, दर शनिवारी वेदीवर फुलं मीच लावायची. तुमच्या त्या बोलण्यानंतर फुलांना हात लावला नाही."

मी तिला त्या डोंगरावरच्या झाडाविषयी सांगितले. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "ते चिलट उडालं का?"

"नाही," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि चहा ठेवायला उठली. तिचे यजमान कामावरून आले. चहा झाल्यावर आम्ही तिघांनी रोजरीतील दुःखाच्या रहस्यांचे पहिले दशक म्हटले. बाहेर पाऊस चालूच होता.