दूरचे भिंग, जवळचा शेजारी

छायाचित्रणाचा छंद आम्हांस जुनाच. परवा ३०० मिलिमीटरचे नवे भिंग हाती आले, तेव्हा ते पारखण्यासाठी आम्ही हिंगोली जिल्ह्यातील नर्सी येथे, संत नामदेवांच्या गावी, कयाधू नदीच्या काठी गेलो. नेहमीच्या ५० मिलिमीटरच्या भिंगाहून हे सहापट मोठे दाखविते. पैलतीरी धुणे धुणाऱ्या एका वृद्धेचा चेहरा सुरकुत्यांसह समोर आला. आम्ही कळ दाबली. तिला याची गंधवार्ताही नव्हती.

छायाचित्र उत्तम आले. मन मात्र स्वस्थ होईना. जे तिने दिले नाही ते घेणे, ही चोरी नव्हे काय? कोणी म्हणेल, उघड्यावरचा चेहरा पाहण्यात कसला दोष? पाहण्यात नसेलही, पण स्वतः लपून दुसऱ्याला न्याहाळणे ही प्रीती नव्हे. लूकच्या शुभवर्तमानातील याजकानेही जखमी मनुष्याला पाहिले होते, आणि तो दुसऱ्या बाजूने निघून गेला. जवळ गेला तो शोमरोनी. आम्हीही याजकच, म्हणून हा दाखला आम्हांस अधिक बोचतो.

वळसा घालून आम्ही पैलतीरी गेलो व तिला चित्र दाखविले. ती म्हणाली, “बाबा, आधी सांगितलं असतं तर पदर नीट घेतला असता.”

ते चित्र आम्ही पुसले. तिने पदर सावरला. दीड मीटरच्या आतले या भिंगाला स्पष्ट दिसत नाही, म्हणून दोन पावले मागे सरून दुसरे घेतले. शेजाऱ्याचा चेहरा भिंग जवळ आणते. शेजाऱ्याजवळ जावे लागते ते आपल्याच पायांनी.